पिस्तुलाच्या ओतीव गोळ्यांसाठी शिशाचं मिश्रण कसं निवडावं

अमेरिकेत नेमबाजीचा छंद लागलेल्या माणसाच्या वर्षभरात एक गोष्ट लक्षात येते: बंदूक एकदाच घ्यायची असते, काडतुसं मात्र दर शनिवारी लागतात. म्हणून बरेच जण रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायला शिकतात आणि त्यातले काही पुढे गोळीही घरीच ओतू लागतात. ओतकामाची भांडी तीन-चारच आहेत. विजेवर चालणारं शिसं वितळवायचं भांडं, साचा, पळी आणि गोळी मापात आणणारा साइझर आणले की झालं. ही खरेदी एका दुपारी होते. खरा घोळ होतो तो शिशात काय आणि किती मिसळायचं यावर.

नवख्याला पहिला सल्ला बहुधा ‘जितकं कडक तितकं चांगलं’ असाच मिळतो. हा सल्ला मला मान्य नाही, आणि नळीत शिसं चिकटण्याच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तोच आहे असं माझं मत आहे. आधी नळीचं माप, मग काडतुसाचा दाब आणि त्यानंतर मिश्रण, या क्रमाने गेलात तर मिश्रणाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

सुरुवातीआधी: कायदा

एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि दारूगोळा बाळगायला मनाई आहे. मोजके अपवाद आहेत, आणि एखाद्या राज्याचं चालू शिकार-लायसन्स हा त्यातला नेहमीचा. लोकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट पुढेच आहे. कायद्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नव्हे. पुंगळी, प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी), दारू आणि सुटी गोळी हे सगळं त्यात येतं. म्हणजे बंदूक मित्राची असली, तरी तुमच्या गॅरेजमधला ओतीव गोळ्यांचा डबा तुम्हाला अडचणीत आणू शकतो. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, रेंजवरच्या मित्राला नको.

ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना स्वतःच्या वापरासाठी गोळ्या ओतायला संघीय लायसन्स लागत नाही. धंदा म्हणून विकायच्या तर लागतं. राज्यांचे नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून बंदुकीच्या कुठल्याही शिकारीत शिशाच्या गोळीला बंदी आहे, त्यामुळे तिथे ओतीव गोळी रेंजपुरतीच. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा साचा गावी पाठवायचा विचारही करू नका.

मिश्रणात कोण काय करतं

निव्वळ शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि इतकं मऊ असतं की नखाने ओरखडा उमटतो. कडकपणा मोजायचं माप म्हणजे ब्रिनेल, छंदातले लोक त्याला नुसतं ‘बीएचएन’ म्हणतात. शुद्ध शिशाचा बीएचएन साधारण ५.

कथील म्हणजे कल्हईवाला पातेल्याच्या तळाला लावायचा तेच. गोळीत त्याचं मुख्य काम कडकपणा देणं हे नाहीच. कथलामुळे वितळलेला रस साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट पसरतो आणि गोळीच्या कडा धारदार येतात. त्यासाठी दीड-दोन टक्के पुरतं. कथील महाग आहे, त्यामुळे साध्या रेंजच्या गोळीत यापेक्षा जास्त घालणं म्हणजे पैसे भांड्यात ओतणं.

कडकपणा आणते ती अँटिमनी, हाही एक धातूच. दर टक्क्यामागे बीएचएन सुमारे एकाने चढतो. पण अँटिमनी वाढली की गोळी ठिसूळही होते. भरपूर अँटिमनीची गोळी आपटली तर चपटी न होता फुटते. जोडीला चिमूटभर आर्सेनिक असेल, गाडीच्या चाकाचा तोल राखायला लावायच्या जुन्या वजनांत ते असायचं, तर साच्यातून काढलेली गरम गोळी थेट पाण्यात टाकून बरीच कडक करता येते.

काही ओळखीची मिश्रणं डोक्यात असू द्या. वीस भाग शिशाला एक भाग कथील, बीएचएन १० च्या आसपास. टायरला क्लिपने बसणारी जुनी शिशाची वजनं, सुमारे १२. ‘लायमन नंबर २’ म्हणजे ९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी, बीएचएन १५. ‘हार्डबॉल’ म्हणून विकतात ते ९२ टक्के शिसं, ६ अँटिमनी, २ कथील, बीएचएन १५-१६. आणि लायनोटाइप म्हणजे ८४ टक्के शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील, बीएचएन २२.

या शेवटच्या नावापाशी मी दरवेळी रेंगाळतो. छापखान्यात ओळीच्या ओळी ओतणाऱ्या यंत्रांसाठी हे मिश्रण बनलं. आपल्याकडे खिळे जुळवून पुस्तकं छापली जात, ते खिळेही याच तीन धातूंच्या कुटुंबातले. अक्षराची बारीक कड नीट उमटावी, रस लवकर थिजावा आणि थिजताना फार आकसू नये, या मुद्रकांच्या गरजा होत्या. गोळी ओतणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. ऑफसेट आल्यावर छापखाने मोडीत निघाले आणि हा धातू टनांनी भंगारात आला. अमेरिकेतल्या छंदिष्टांनी कित्येक वर्षं त्यावर गुजराण केली. आता तो सहज मिळत नाही. मिळाला तर तसाच ओतू नका, मऊ शिशाला कडक करण्यासाठी जपून वापरा.

पायरी १: नळी मोजा

बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा आणि काडतुसं खोलीबाहेर ठेवा. नळीत दोन थेंब तेल सोडा. मऊ शिशाचा नळीपेक्षा किंचित जाड तुकडा तोंडावर ठेवून लाकडी हातोडीने हलकेच आत बसवा आणि पितळी दांड्याने एका बाजूने दुसरीकडे ढकला. बाहेर येतो तो नळीच्या आतल्या बाजूचा ठसा. त्यावर उंच दिसतात त्या नळीतल्या खाचा, आणि आपल्याला मोजायचा तो तिथला व्यास. मायक्रोमीटर हजारांश इंच दाखवणारा हवा, साध्या व्हर्नियरवर भागवू नका. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्वरमध्ये बहुधा पाच खाचा असतात. त्यात उंचवट्यासमोर उंचवटा येत नाही आणि मायक्रोमीटरचं माप चुकतं. तिथे तुकडा काडतुसं बसतात त्या फिरत्या चाकाच्या कक्षांच्या तोंडातून ढकलून ते माप घेणं जास्त भरवशाचं.

गोळी खाचेच्या व्यासापेक्षा एक ते दोन हजारांश इंच मोठी हवी. .३८ आणि .३५७ (ही काडतुसांच्या प्रकारांची नावं) साठी हे बहुधा .३५८ इंच येतं, .४५ एसीपीसाठी .४५२, आणि ९ मिमीसाठी .३५६ किंवा .३५७. ९ मिमीच्या नळ्यांत फरक फार असतो, म्हणून तिथे छापील आकड्यावर न जाता स्वतःची नळी मोजाच. रिव्हॉल्वरमध्ये चाकाच्या कक्षेचं तोंड नळीपेक्षा अरुंद असेल तर गोळी तिथेच चेपली जाते आणि पुढे सैल धावते. मग मिश्रण कितीही बदला, शिसं चिकटतच राहणार. हे काम बंदूक दुरुस्त करणाऱ्याचं आहे.

ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलांच्या मूळ नळ्यांत नेहमीच्या खाचा नसून बहुकोनी आकार असतो. तांब्याचं वेष्टण नसलेली शिशाची गोळी त्यात वापरू नका असं कंपनी स्वतःच सांगते. ते ऐका.

पायरी २: दाब पाहा

दारू पेटली की गोळीच्या बुडावर वायूचा प्रचंड दाब येतो. गोळी पुरेशी मऊ असेल तर त्या दाबाने तिचं बूड किंचित फुगतं आणि नळीत घट्ट बसतं. फार कडक असेल तर ती फुगत नाही, आणि माप थोडंही कमी असलं तर तापलेला वायू तिच्या कडेने पुढे निसटतो. जाताना शिसं वितळवतो आणि नळीला फासून ठेवतो. उलट गोळी दाबाच्या मानाने फारच मऊ असेल तर खाचांत घट्ट धरत नाही, घसरते, आणि तेव्हाही शिसं चिकटतं.

या दोन्हींच्या मध्ये कुठे राहायचं यासाठी जुना ठोकताळा आहे: बीएचएनला १,४२२ ने गुणा. येईल तेवढ्या पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाला ते मिश्रण फुगू लागतं. १२ बीएचएनला हे सुमारे १७,००० होतात, आणि .३८ स्पेशलचा कमाल ठरवून दिलेला दाब नेमका १७,००० पीएसआय आहे. .४५ एसीपीचा २१,०००, म्हणजे १२ ते १५ मध्ये भागतं. .३८ च्या कागदी टार्गेटसाठी भरलेल्या हलक्या काडतुसांत दाब १०,००० च्या आसपास असतो, तिथे ७-८ बीएचएनची मऊ गोळी सुरेख चालते. ९ मिमी आणि .३५७ मॅग्नम यांचा कमाल दाब ३५,०००. हिशेबाने २४-२५ बीएचएन हवा असं दिसेल, पण त्यामागे लागू नका. माप बरोबर असेल तर ९ मिमीत १५-१६ चं मिश्रण व्यवस्थित चालतं, कारण मापात बसलेल्या गोळीला फुगायची गरजच उरत नाही. एल्मर कीथ हा अमेरिकन शिकारी-लेखक .४४ मधली त्याची प्रसिद्ध जड काडतुसं सोळास एक कथलाच्या गोळीवर भरत असे. तिचा बीएचएन ११ च्या आसपास, आणि काडतुसं त्या काळातली सर्वांत दमदार.

म्हणून पहिल्या मिश्रणासाठी माझा सरळ सल्ला: ३ टक्के अँटिमनी, दीड टक्का कथील, बाकी शिसं. बीएचएन १२ च्या आसपास येतो. .३८ स्पेशल, .४५ एसीपी, .४५ कोल्ट आणि मॅग्नमच्या मध्यम काडतुसांचं यात भागतं. ९ मिमी आणि .४० साठी अँटिमनी ५-६ टक्क्यांवर न्या. सेकंदाला १,४०० फुटांच्या पुढे जायचं असेल तर गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी टोपी, म्हणजे गॅस चेक, बसवतात. पहिल्या वर्षी त्याची गरज पडत नाही.

पायरी ३: धातू कुठून आणायचा

पहिले वीस पौंड विकतच घ्या. घटकांचं प्रमाण छापलेल्या, प्रमाणित लाद्या अमेरिकेत ऑनलाइन मिळतात. भंगारापेक्षा महाग पडतात, पण पहिल्या गोळ्या बिघडल्या तर दोष धातूत नाही एवढं तरी नक्की कळतं. शिकताना याची किंमत मोठी आहे.

भंगाराकडे वळाल तेव्हा चाकांची वजनं एकेक करून निवडा. ज्यावर ‘झेडएन’ असेल ते जस्त, ‘एफई’ असेल ते लोखंड. लोखंड वर तरंगतं, उचलून टाकता येतं. जस्ताचं तसं नाही. शिशात विरघळलेलं जस्त भांड्यातलं अख्खं मिश्रण नासवतं: रस दाट होतो आणि गोळीच्या कडा गोल येतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणून भंगार वितळवताना थर्मामीटर ४०० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवा, म्हणजे चुकून आलेला जस्ताचा तुकडा न वितळता वर दिसतो. छपरावरचे जुने शिशाचे पत्रे आणि एक्स-रे खोलीच्या भिंतीतलं शिसं जवळजवळ शुद्ध असतं. कथलासाठी पीटर या कथलाच्या मिश्रधातूच्या वापरलेल्या थाळ्या-पेल्यांवर नजर ठेवा, आधुनिक पीटरमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर कथील असतं.

गाडीच्या बॅटरीतलं शिसं कधीही घेऊ नका. त्यातून अर्सिन आणि स्टिबिन हे अत्यंत विषारी वायू निघू शकतात. स्वस्त आहे, जवळ आहे, काका गॅरेज चालवतात, यातलं कुठलंही कारण पुरेसं नाही.

पायरी ४: हिशेब आणि वितळवणं

अँटिमनी ६३० अंशांना वितळते, म्हणून निव्वळ अँटिमनीचा खडा भांड्यात टाकून तो मिसळेल अशी आशा धरू नका. ३० टक्के अँटिमनी असलेली तयार कडक लादी मिळते, ती घ्या. वीस पौंडांच्या भांड्यात १८ पौंड मऊ शिसं आणि २ पौंड ही लादी घातली की ०.६ पौंड अँटिमनी होते, म्हणजे ३ टक्के. त्यावर ०.३ पौंड कथील. झालं तुमचं मिश्रण. भांड्याला काठापर्यंत भरायचं नसेल तर सगळंच निम्मं करा.

लायनोटाइप हाताशी असेल तर हिशेब आणखी सोपा. एक भाग लायनोटाइप आणि तीन भाग शुद्ध शिसं मिळून ३ टक्के अँटिमनी, १ टक्का कथील. दोन्ही सारखे घेतले तर ६ आणि २, म्हणजे बाजारातलं हार्डबॉलच.

सगळं वितळल्यावर मेणाचा किंवा पॅराफिनचा वाटाण्याएवढा तुकडा टाका आणि लाकडी काठीने तळापासून ढवळा. धूर निघेल, कधी ज्योतही लागेल, चेहरा दूर ठेवा. वर आलेली राखाडी साय लगेच खरवडून फेकू नका, तिच्यात तुमचं कथील असतं. मेणामुळे ते पुन्हा रसात उतरतं. उरते ती कोरडी, भुरकट मळी, तीच काढा. तापमान ३७० ते ४०० अंशांत ठेवा. गोळीवर सुरकुत्या आल्या तर साचा थंड आहे. सगळीकडे धुरकट पांढुरकी झाक आली तर साचा फार तापला, थोडं थांबा. झाक आलेली गोळी मात्र बाद नाही, माप बरोबर असेल तर वापरा.

एक बारकावा: मऊ मिश्रण थिजताना जास्त आकसतं, त्यामुळे त्याच साच्यातून गोळी किंचित लहान आणि जड पडते. मिश्रण बदललंत की मायक्रोमीटर पुन्हा लावायचा.

इथे थोडं थांबून: शिसं आणि घर

ओतकामाच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. खरा धोका मळीच्या भुकटीत आहे. ती बोटांवर, बाहीवर, बुटाच्या तळव्याला बसते आणि घरात येते. सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम शिसं सापडलं की लक्ष घाला म्हणते, इतकं थोडं प्रमाणही चिंतेचं आहे. म्हणून ओतकाम स्वयंपाकघरात नाही, मुलं खेळतात त्या खोलीत नाही, आणि घरात कोणी गरोदर असेल तर काही महिने नाहीच. उघड्या दाराच्या गॅरेजमध्ये करा, वारा तुमच्या पाठीकडून बाहेर जाऊ द्या. कामाचे कपडे आणि बूट वेगळे ठेवा आणि कपडे वेगळे धुवा. चहाचा कप तिथे नेऊ नका. मळी झाकणाच्या डब्यात भरून घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. वर्षातून एकदा डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या.

दुसरा धोका पाण्याचा. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब गेला तर त्याची क्षणात वाफ होते आणि भांड्यातलं शिसं छतापर्यंत उडतं. ओली लादी, पावसात राहिलेलं भंगार, कपाळावरचा घाम, सगळं धरून चला. भंगार थंड भांड्यातच ठेवून मग तापवा. पूर्ण चष्मा, चामड्याचे हातमोजे, लांब बाह्यांचा सुती शर्ट आणि बंद बूट हवेतच. गोळ्या पाण्यात टाकून कडक करायचा प्रयोग भांड्यापासून चार हात लांब, आणि पहिल्या काही महिन्यांत नकोच.

पायरी ५: कडकपणा तपासा

अँटिमनीची गोळी ओतल्या दिवशी थोडी मऊ असते आणि पुढचे दोन आठवडे कडक होत जाते. म्हणून घाई न करता दोन आठवड्यांनी तपासा. ली या कंपनीचं छोटं उपकरण येतं: छोटा पोलादी गोल ठरावीक दाबाने गोळीवर तीस सेकंद दाबायचा आणि उमटलेला खड्डा सूक्ष्मदर्शकातून मोजायचा. नजर स्थिर ठेवायचा सराव लागतो.

चित्रकलेच्या पेन्सिलींनीही चांगला अंदाज येतो. शिसाचं टोक सपाट घासा, धार राहू द्या, आणि पेन्सिल ४५ अंशांत धरून गोळीच्या सपाट बुडावर पुढे ढकला. जी पहिली पेन्सिल धातू कापून बारीक कपची काढते तिच्यावरून कडकपणा ठरतो. २बी पेन्सिल ११-१२ बीएचएनच्या आसपास, एचबी १४-१५, आणि ६बी शुद्ध शिशालाही जेमतेम कापते. पूर्ण संच एकाच कंपनीचा घ्या. तयार झालेल्या प्रत्येक लादीवर मिश्रण आणि तारीख ठोकून ठेवा, कारण दोन महिन्यांनी सगळ्या लाद्या सारख्याच दिसतात.

पायरी ६: झाडा आणि नळी वाचा

ओतीव गोळीसाठी छापलेल्या लोड डेटावरच, म्हणजे दारूच्या मात्रेच्या तक्त्यावरच, काडतूस भरा, तांब्याच्या वेष्टणाच्या गोळीचा डेटा इथे लावू नका. सुरुवात पुस्तकातल्या सर्वांत कमी मात्रेपासून करा. नळी आधी स्वच्छ हवी, तांब्याचा अंशही नको, नाहीतर नंतर काय दिसतंय ते कळणार नाही. पन्नास गोळ्या झाडा, बंदूक रिकामी करा, नळी काढा किंवा चाक बाहेर घ्या आणि दिव्यासमोर धरून आत पाहा.

चिकटलेलं शिसं खाचांच्या कडेला चांदीच्या वर्खासारखं दिसतं, आणि ब्रश फिरवला की कोरड्या फडक्यावर त्याच्या चपट्या, चकचकीत चकत्या येतात. फडकं नुसतं राखाडी काळं झालं तर ती गोळीला लावलेल्या वंगणाची आणि दारूची काजळी, तिचा विचार करू नका. शिसं कुठे आहे ते महत्त्वाचं. काडतूस बसतं त्या टोकाला, पहिल्या इंचभरात दिसलं तर गोळी लहान आहे किंवा दाबाच्या मानाने कडक आहे. आधी साइझर एक हजारांशाने मोठा घेऊन पाहा, मिश्रण त्यानंतर एक पायरी मऊ करा. नळीभर खाचांच्या कडेने पट्टे दिसले आणि नेमही विखुरला तर गोळी घसरते आहे, अँटिमनी दीड-दोन टक्क्यांनी वाढवा. सुरुवातीचा भाग स्वच्छ आणि शिसं फक्त तोंडाकडच्या शेवटच्या इंचात असेल तर वंगण वाटेत संपतंय. अशा वेळी मिश्रणाला हात लावू नका, वंगण बदला किंवा गोळ्यांना पावडर कोटिंग (भाजून बसवलेला भुकटीचा थर) करा.